तिला सोबत म्हणून

धुकं पडायला लागलं की आमचा मोसम सुरू व्हायचा. आमचा म्हणजे माझा आणि माझ्या नणंदेचा. घरात तिला सगळे धाकटी म्हणतात, मीही तेच म्हणते. फक्त माझं डोकं फिरलं की तोंडातून 'वन्सं' निघतं, आणि मग तिलाही कळतं की आता जरा जपून राहायचं. पहाटे, बाकीचं जग कूस बदलत असताना, आम्ही दोघी दाराची कडी हळूच काढायचो, पायरीवर बसून बुटांच्या नाड्या बांधायचो आणि कालव्याच्या कडेने पळायला लागायचो. समोरचं काही म्हणून दिसायचं नाही. पाय खाली कुठेतरी आपल्या आपण चाललेत आणि आपण वर निवांत बसलोय, असं वाटायचं.

हे पळायचं खूळ मुळात माझं नव्हे. काही वर्षांपूर्वी धाकटी सासर सोडून माहेरी परत आली. का आली ते विचारायचं नाही, असं आमच्या घरात न बोलताच ठरलं होतं. ती अंधारातच उठायची आणि चालायला निघून जायची. एक दिवस माझा नवरा मला म्हणाला, "अगं, एकटीच भटकत असते ती. जरा तिला सोबत कर ना." मी तेव्हा नुकतीच ऑपरेशनातून उठले होते. पिशवी काढली होती, आणि अंथरूण सोडायची मला काडीची घाई नव्हती. पण नणंदेला सोबत करायची म्हटल्यावर काय करणार, उठले. चालता चालता तिचं पाऊल वाढलं, तसं माझंही वाढलं. एके दिवशी आपण पळत होतो, हे आम्हाला घरी पोहोचल्यावर कळलं.

कामालाही दोघी एकाच ठिकाणी. हॉटेलांच्या आणि इस्पितळांच्या चादरी जिथे धुवायला येतात, त्या मोठ्या लाँड्रीत. मी तिथली जुनी, धाकटीला मीच चिकटवलं. इस्त्रीच्या रोलरमधून चादर गरम गरम बाहेर येते. दोन टोकं तिच्या हातात, दोन माझ्या. झटकायची, ताणायची, टोकाला टोक लावायचं, मग एकमेकींकडे चालत यायचं. तिने तिची टोकं माझ्या हातात द्यायची, वाकून खालची घडी उचलायची आणि पुन्हा मागे सरायचं. यंत्रांच्या घरघरीत बोललेलं ऐकूच येत नाही, म्हणून सगळा कारभार कापडातून चालतो. समोरची दमली की चादरीला झोळ पडतो, मग आपण आपोआप हळू होतो. आपण घाई केली की तिच्या हातांना ओढ बसते, मग ती पाऊल उचलते. दिवस संपेपर्यंत कोण कुणासाठी हळू झालं हे दोघींनाही सांगता आलं नसतं. आणि विचारतंय कोण?

वाफेत उभं राहून राहून मला काहीबाही सुचायचं. या चादरींवर किती परकी माणसं झोपून गेली असतील, त्यांची स्वप्नं साबणाबरोबर वाहून जातात की धाग्यात थोडी उरतात, असं काहीतरी. सकाळी धुक्यात पळताना तर वाटायचं की आपण अशाच कुणाच्या तरी झोपेतून पळतोय, आणि तो जागा झाला की आपली पंचाईत. नवऱ्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, "तू उद्यापासून जरा खिडकीजवळ उभी राहत जा." धाकटीला सांगितलं तर तिने नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण वहिनी, त्याच्या झोपेत आपण दोघी आहोत ना?" मी म्हटलं, दोघी आहोत.

रस्त्यावर आम्ही खांद्याला खांदा लावून पळायचो. पावलं इतकी जुळायची की दोघींचा मिळून एकच आवाज यायचा. कधी कधी धुकं इतकं दाट असायचं की तो एकच आवाज ऐकून मला प्रश्न पडायचा, आमच्यातली नक्की कोण आलीये आज?

मला मात्र एक गोष्ट ठाऊक होती आणि ती मी मनातल्या मनात गोंजारत असे. ती अशी की धाकटीसाठी मी माझा वेग आवरून धरते. माझ्या पायांत याहून पुष्कळ आहे. पण मी सुटले तर ती बिचारी मागे पडेल, आणि तिला आधीच एकदा कुणीतरी मागे टाकलेलं आहे. म्हणून मी आवरते. माझा श्वास फुलायचा, हे खरं. चढावर तर भात्यासारखा आवाज यायचा. पण तो आवरून धरण्याच्या कष्टाने फुलतो, असं मी धरून चालले होते.

मोसमातली पहिली शर्यत तळ्याभोवतीची. छोटीशीच, ओळखीचेच चेहरे. त्यात एक चष्मेवाला असतो, बाजारात त्याचं चष्म्यांचं दुकान आहे. तो नेहमी आमच्या मागून पळतो, कारण आमच्या मागून पळालं की वेग चुकत नाही म्हणे. शर्यत संपल्यावर तो बाटलीतलं पाणी पीत पीत म्हणाला, "तुम्हा दोघींमधली एक जण दुसरीला सांभाळून घेते बरं का. मागून पळणाऱ्याला बरोबर दिसतं."

"करावं लागतं," मी म्हटलं आणि नम्रपणे मान खाली घातली.

चष्मेवाल्याने माझ्याकडे पाहिलं. मग त्याने स्वतःचा चष्मा काढून सदऱ्याला पुसला आणि दुसऱ्याच विषयावर बोलायला लागला.

त्याच आठवड्यात लाँड्रीच्या मालकीणबाईंनी धाकटीला काचेच्या खोलीत बोलावून घेतलं. मी बाहेरून बघत होते. धाकटी खुर्चीच्या अगदी कडेवर बसली होती. बाहेर आली ती सरळ रोलरपाशी, चादरीची टोकं हातात घेऊन उभी. घडी घालताना जवळ आली तेव्हा माझ्या कानात ओरडून म्हणाली, "समुद्राकाठी नवी लाँड्री काढतायत. मला चालवायला सांगतायत." मागे गेली. पुन्हा जवळ आली. "वर राहायला खोली आहे." मागे गेली. पुन्हा आली. "मोसमाच्या शेवटची मोठी शर्यत झाली की उत्तर द्यायचंय. तोवर दुसऱ्या कुणाला विचारणार नाहीत." सगळी बातमी मला अशी घड्याघड्यांनी कळली.

समुद्र म्हणजे आमच्यापासून गाडीने अख्ख्या दिवसाचा रस्ता.

संध्याकाळी जेवताना नवऱ्याने विचारलं, "मग? जायचंय का तुला?"

"बघू," धाकटी म्हणाली आणि ताटाकडे बघत राहिली.

"तुझा निर्णय तू घे बाई," मी म्हटलं. "आमचं काही म्हणणं नाही."

म्हणणं नाही कसलं! मला ती जायला नको होती. घरातून, रोलरपासून, कालव्याच्या कडेवरून, कुठूनच नको होती जायला. पण हे सरळ बोलणं माझ्या जिवावर आलं, म्हणून मी दुसरंच पुराण लावलं. नवऱ्याला एकट्याला गाठून सांगितलं की ती झुरळ दिसलं तरी खुर्चीवर चढते, ती कसली लाँड्री चालवणार? लाँड्रीतल्या बायकांना सांगितलं की तिला एकटीला झोप लागत नाही. आणि स्वतःला सांगितलं की मी सोबत नसले तर हिचं कसं व्हायचं? नवरा म्हणाला, "तूच विचार कर जरा." त्याच्या या असल्या अर्धवट बोलण्याचा मला भारी राग येतो.

थंडी वाढली. सुट्टीच्या दिवशी आम्ही लांब पळायला लागलो, कालवा संपेपर्यंत आणि तिथून पाण्याच्या टाकीच्या चढावर. चढाच्या वर गेलं की धुकं खाली राहायचं. खालची घरं, रस्ते, लाँड्रीचं धुराडं, सगळं पांढऱ्यात बुडालेलं, आणि वर आम्ही दोघी कमरेवर हात ठेवून उभ्या. तिथे उभं राहिलं की मला खाली परत जावंसं वाटायचं नाही. वाटायचं की आपण इथेच राहावं, खाली सगळे झोपून राहावेत, आणि मालकीणबाईंनाही जाग येऊ नये.

एकदा तिथेच धाकटीने विचारलं, "वहिनी, समजा मी गेले, तर तू पळशील?"

"मी? मी तर सुटेनच!" मी म्हटलं. "वाऱ्यासारखी पळेन."

ती माझ्याकडे वळून बघायला लागली. हसली नाही, काही नाही. "नक्की?"

"म्हणजे काय! मला काय झालंय न पळायला?"

"बरं," ती म्हणाली. मग वाकून तिने नाडी सोडली आणि पुन्हा बांधली. ती चांगली बांधलेली होती, मी पाहिली होती.

तिच्या त्या 'बरं'चा मी माझ्या सोयीचा अर्थ लावला. मला वाटलं, आपण वाऱ्यासारखं पळू हे ऐकून तिला वाईट वाटलं. मग मी कित्येक दिवस तिच्याशी जास्तच प्रेमाने वागले. उतारावर मुद्दाम हळू झाले. तीही हळू झाली.

मधल्या शर्यती आम्ही जोडीने संपवल्या, शेवटच्या रेषेवर हात हातात धरून. लोक टाळ्या वाजवायचे. पळणाऱ्यांत आमचं नावच 'जोडी' पडलं होतं. मोठ्या शर्यतीच्या आदल्या आठवड्यात मला नीट झोप लागेना. एकच विचार यायचा. आजवर मी हिच्यासाठी आवरलं. आता ही जाईल किंवा राहील, पण आपण एकदा तरी मोकळं पळून बघायला हवं. कळू दे तरी आपण कोण आहोत ते. आणि हेही मनात होतं, सांगूनच टाकते, की ती मागे पडली, एकटी पडली, की तिचं तिलाच कळेल. मग मालकीणबाईंना उत्तर काय द्यायचं हे मला शिकवावं लागणार नाही. हे मनात आलं तेव्हा मला स्वतःची जरा भीती वाटली, पण विचार काही गेला नाही.

शर्यतीच्या दिवशी नदीवर धुकं होतं. अर्धा पूल दिसत होता, पुढचा अर्धा नव्हताच. दोरीच्या मागे माणसांची गर्दी, सगळ्यांच्या तोंडातून वाफा निघताहेत, कुणी जागच्या जागी उड्या मारतंय. धाकटी माझ्या छातीवरचा क्रमांकाचा कागद पिनांनी नीट लावत होती. तिची बोटं गार होती. आता बोलायला हवं, असं मी ठरवलं.

"हे बघ धाकटे," मी म्हटलं, "आज आपापल्या वेगाने पळू. जोडी-बिडी काही नाही. मी पुढे निघून गेले तर वाईट वाटून घेऊ नकोस."

तिची बोटं थांबली. "म्हणजे मी माझी माझी पळू?"

"हो."

"खरंच?" तिचा चेहरा असा काही उजळला की मी बुचकळ्यात पडले. "तुला चालेल? आणि मग दादाला काय सांगू?"

"दादाचा इथे काय संबंध?"

"अगं, त्यानेच तर सांगितलं होतं मला. तुझं ऑपरेशन झालं आणि तू नुसती भिंतीकडे तोंड करून पडून असायचीस. कुणाशी बोलायची नाहीस. तो म्हणाला, तू रोज चालायला बाहेर पड, मी वहिनीला तुझ्यामागून पाठवतो. तिला बाहेर काढ, तिला सोबत कर. पुढे पळायला लागलो तरी त्याचं तेच. वहिनीला टाकून पुढे जाऊ नकोस हं, ती पुन्हा अंथरूण धरेल."

मी तोंड उघडलं. तेवढ्यात शिट्टी झाली.

गर्दी हलली, आणि मी माझ्या नणंदेला पहिल्यांदा पळताना पाहिलं. पहिल्यांदाच म्हणायला हवं, कारण शेजारी पळणारं माणूस दिसत नाही, त्याचा फक्त खांदा जाणवतो. आता ती माझ्यासमोर होती. सुरुवातीची काही पावलं तिने अडखळत टाकली, पाय विश्वास ठेवायला तयार नसावेत. मग तिचं पाऊल लांब झालं. आणखी लांब झालं. मी तिला कधी एवढं लांब पाऊल टाकताना पाहिलं नव्हतं. खांदे सैल, मान ताठ, वेणी पाठीवर इकडून तिकडे. माणसं तिच्यासाठी आपोआप बाजूला होत होती. इतकं सुंदर पळत होती ती! माझ्याच घरात, माझ्याच शेजारी राहून हे सगळं तिने कुठे ठेवलं होतं? किती दिवस ते आवरून धरलं होतं? आणि मी बावळट, माझ्या भात्याचा आवाज ऐकत शेजारून पळत होते आणि स्वतःची पाठ थोपटत होते.

लाज वाटली. नवऱ्याचा राग आला, घरी गेल्यावर बघते म्हटलं. हेवाही वाटला. पण या सगळ्याच्या तळाशी भीती होती. असं पळू शकणारी बाई आमच्या घरात का राहील? ती जाणार. मालकीणबाईंना हो म्हणणार आणि जाणार. आणि मी? माझ्यासमोर एकदम ती भिंत आली, तिच्यावरचा रंगाचा पोपडा आला, ते दिवस आले.

मी हाक मारली.

म्हणजे मारायला गेले. "धाकटे!" असं माझ्या तोंडात पूर्ण तयार होतं. पण तिला गाठायच्या नादात मी एवढी धावले होते की छातीत हवाच उरली नव्हती. नुसते ओठ हलले. मी पुन्हा जोर केला. या वेळी घशातून कसलातरी घोगरा आवाज निघाला, जो शेजारच्या माणसालाही ऐकू गेला नसेल. तिला थांबवायचं होतं मला. दुसरं काही नाही, थांबवायचं होतं. तिसऱ्यांदा तोंड उघडलं तेव्हा ती पुलावर पोहोचली होती. तिचा लाल सदरा थोडा वेळ धुक्यात विरघळताना दिसला आणि मग तोही दिसेना.

पूल लांब होता. खाली नदी असणार, पण ऐकू येत होती ती फक्त पावलं. माझी. दोनच पाय, हलका टपटप आवाज, मध्ये बरीच मोकळी जागा. चष्मेवाला मागून आला, थोडा वेळ माझ्या बरोबरीने पळाला. "आज एकट्याच?" त्याने विचारलं. मी मान हलवली. बोलायला दम नव्हता हे त्याला दिसलं असावं. "सावकाश या," तो म्हणाला आणि पुढे गेला. मग बरेच जण पुढे गेले. म्हातारे गेले, लठ्ठ गेले, गप्पा मारत जाणारी दोघं गेली.

कुठेतरी मी तिच्यामागे धावणं सोडलं आणि नुसती पळायला लागले. किती वेगाने ते पाहिलं नाही. शेजारी कुणाचा खांदा नव्हता, समोर काही नव्हतं, मागे काही नव्हतं, सगळीकडे तेच पांढरं. मला वाटलं, तो झोपलेला माणूस आता कूस बदलेल आणि मी नाहीशी होईन. तसं काही झालं नाही. पाय चालत राहिले. छातीतला भाता हळूहळू शांत झाला, श्वास आत गेला, बाहेर आला. हाच तर माझा वेग. इतके दिवस मी ज्याच्या फुशारक्या मारत होते तो हा नव्हे. हा फारच साधा होता, थोडा म्हातारा वाटावा असा. पण त्यात मला दुखत नव्हतं, आणि मला रडूही येत नव्हतं. पलीकडच्या काठावर धुकं विरलं तेव्हा ऊन पडलेलं होतं आणि मी अजून पळत होते.

रेषा ओलांडली तेव्हा टाळ्या वाजवणारी माणसं पांगायला लागली होती. कुणीतरी गळ्यात पदक घातलं. धाकटी पदपथाच्या कडेवर बसली होती, बूट काढून, पाय लांब करून. तिचं अंग केव्हाच गार झालं असेल, खांद्यांवर कुणीतरी दिलेली शाल होती. चष्मेवाला मला दुरूनच ओरडून सांगत होता की बायकांमध्ये तिसरी आली, तिसरी! पण ती हसत नव्हती. मला बघताच उठली आणि तिचे डोळे भरून आले.

"तू रागावलीयस," ती म्हणाली.

मी मान हलवून नाही म्हटलं आणि तिच्या शेजारी कडेवर बसले. तीही बसली.

"वहिनी, पुलापर्यंत माझे कान मागे होते," ती म्हणाली. "सारखं वाटत होतं, आता तू हाक मारशील. आता मारशील. मारली असतीस तर मी थांबले असते. आईशप्पथ थांबले असते. आणि उद्या मालकीणबाईंना नाही म्हणून सांगितलं असतं. मी तसं ठरवूनच टाकलं होतं मनात. वहिनीने हाक मारली तर राहायचं."

आता माझ्या छातीत भरपूर दम होता. काहीही बोलता आलं असतं. मारली होती गं हाक, असं म्हणता आलं असतं. दोनदा मारली, तीनदा मारली, तुला ऐकू नाही आली. खोटं नव्हतं त्यात काही. एवढं म्हटलं असतं तर ती उद्या सकाळी दाराची कडी काढायला माझ्या शेजारी उभी असती, आणि परवा, आणि तेरवा. तिने डोळे पुसले आणि ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

"म्हणून तर नाही मारली," मी म्हटलं.

तिने माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि अंग गदगदून रडली, मग रडता रडताच हसायला लागली. समोरून थकलेली माणसं लंगडत जात होती. मी तिच्या पाठीवर हात फिरवत राहिले. बऱ्याच वेळाने नाक ओढत तिने विचारलं, "समुद्राकाठी पळायला रस्ता असेल का गं?"

"असेल की," मी म्हटलं.